डॅनियल बून घरी नसताना

अठराव्या शतकातला अमेरिकेचा नावाजलेला शिकारी आणि वाटाड्या डॅनियल बून घरी फारसा नसायचाच. त्याच्या आयुष्यातल्या तारखा नुसत्या एकाखाली एक लिहिल्या तरी हे दिसतं. १ मे १७६९ रोजी तो नॉर्थ कॅरोलायनातल्या याडकिन खोऱ्यातलं घर सोडून निघाला, कंबरलंड खिंड ओलांडून केंटकीच्या रानात शिरला आणि परतला तो १७७१च्या वसंतात. मधल्या डिसेंबरात त्याला मुलगा झाला. म्हणजे नवरा निघाला तेव्हा बायकोला नुकते दिवस गेले होते आणि बापाने लेकाचं तोंड पाहिलं तेव्हा पोरगं चालायला लागलं असणार. हरणांची कातडी विकून देणी भागवायची, हा बेत. पण जमवलेली कातडी एकदा शॉनी या तिथल्या आदिवासी जमातीच्या शिकाऱ्यांनी आणि परतताना पुन्हा दुसऱ्या टोळीने काढून घेतली. रान त्यांचं होतं, तेव्हा मी तरी याला लूट म्हणत नाही, दंड म्हणते. बून घरी आला तो हात हलवत.

घरी तेव्हा कोण होतं? सहा मुलं, सातवं पाळण्यात, आणि या सगळ्यांचं बघणारी रिबेका.

माझी सून या बूनच्या वंशातली. निदान तिच्या माहेरी तसं सांगतात. आम्ही सेंट लुइसजवळ राहतो. मिझुरी राज्याच्या या भागात बूनचे वंशज म्हणवणारी घरं पैशाला पासरी मिळतील. त्यामुळे लग्नात विहीणबाईंनी पहिल्यांदा हे सांगितलं तेव्हा मी कौतुकाने मान डोलावली आणि सोडून दिलं. पण नोकरीतून निवृत्त झाल्यावर हातात वेळ आला, नातवंडांची वंशावळ लिहून ठेवावी असं वाटू लागलं. आमच्याकडच्या पिढ्या भराभर लिहून झाल्या, कारण सहाव्या पिढीपलीकडे कुणाला काही ठाऊकच नव्हतं. मग मी सुनेच्या बाजूला वळले आणि त्यातच अडकले.

इथे वंशावळ नुसत्या सांगोवांगीवर कुणी मानत नाही. स्वातंत्र्ययुद्धात लढलेल्यांच्या वंशज स्त्रियांची एक जुनी संस्था आहे. तिचं सभासद व्हायचं तर प्रत्येक पिढीचा जन्म, लग्न, मृत्यू कागदाने जोडून दाखवावा लागतो. मीही तीच शिस्त धरली. आजपासून मागे जायचं, एक पायरी पक्की झाल्याशिवाय पुढची धरायची नाही. मिझुरीत जन्ममृत्यूची राज्यभर नोंद १९१०पासून सुरू झाली, तिथपर्यंत वाट सोपी. त्यामागे जनगणना. पण १८९०च्या जनगणनेचे बहुतेक कागद १९२१ सालच्या आगीत गेले, त्यामुळे १८८० ते १९०० अशी वीस वर्षांची उडी मारावी लागते. आणि १८५०च्या मागे तर जनगणनेत फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव. बाकीच्यांचे नुसते आकडे असतात: दहा वर्षांखालचे मुलगे इतके, सोळा ते पंचवीस वयाच्या बायका इतक्या. सुनेची खापरपणजीची आजी अशा एका रकान्यात एक आकडा होऊन बसलेली आहे. तिला बाहेर काढलं ते तिच्या बापाच्या मृत्युपत्राने. त्यात 'माझी मुलगी' म्हणून तिचं नाव आहे, पुढे जावयाचं नाव आहे आणि एक गाय तिच्या वाट्याला दिलेली आहे. त्या गाईचे मी मनोमन आभार मानले.

असं मागे मागे जात साखळी जेमायमा बूनपाशी पोचली. जेमायमा ही डॅनियल आणि रिबेकाची चौथी, १७६२ सालची. अमेरिकेत हिची गोष्ट शाळकरी मुलांनाही माहीत असते. जुलै १७७६मध्ये केंटकीत बूनने वसवलेल्या बून्सबरोच्या तटबंदीसमोर नदीत होडीतून फिरताना तिला आणि तिच्या दोन मैत्रिणींना शॉनी आणि चेरोकी लोकांनी पळवून नेलं, बूनने माग काढून सोडवलं. विहीणबाईंना ही गोष्ट तोंडपाठ आहे. त्यांच्याकडच्या छापील वंशवृक्षात वर डॅनियल बूनचं नाव मोठ्या ठळक अक्षरांत, शेजारी त्याचं चित्र. खाली बारीक अक्षरात 'पत्नी रिबेका ब्रायन'. जेमायमाची आई कोण, कशी, याबद्दल मात्र त्यांना सांगण्यासारखं काही नव्हतं. मी विचारलं तर म्हणाल्या, ती फार सोशिक होती म्हणे.

सोशिक. आपल्याकडेही गेलेल्या बाईबद्दल काही माहीत नसलं की हाच शब्द काढतात. त्र्यंबकेश्वरला उपाध्यांच्या वहीत आमच्या घराण्याची नावं पाहिली होती तेव्हा बापाचा मुलगा, मुलाचा मुलगा अशी उतरंड सरळ लागली होती. त्यांच्या बायका कुठून आल्या, त्यांची माहेरची नावं काय होती, याचा पत्ता नव्हता. सासरी आल्यावर नाव बदललं की बाईचा मागचा धागाच तुटतो. इथे निदान माहेरचं आडनाव टिकलंय, एवढा तरी आधार होता.

रिबेका ब्रायनचा जन्म १७३९चा, व्हर्जिनियातला. तिच्या आजोबांनी, मॉर्गन ब्रायन यांनी, याडकिन खोऱ्यात मोठी जमीन धरली आणि सगळं कुटुंब तिकडे गेलं. पेनसिल्व्हेनियातून आलेले बून हे त्यांचे शेजारी. १४ ऑगस्ट १७५६ला लग्न झालं तेव्हा रिबेका १७ वर्षांची होती, डॅनियल २१चा. लग्न लावलं डॅनियलच्या वडिलांनीच, कारण ते तिथले न्यायाधीश होते. काळेभोर केस, काळे डोळे, अंगापिंडाने थोराड असं तिचं वर्णन करतात. चित्र नाही. तिच्या हातची एक ओळसुद्धा कुठे उरलेली नाही.

संसाराला सुरुवात झाली तीच दोन पोरांसकट. डॅनियलचा मोठा भाऊ वारला होता, त्याचे दोन मुलगे नव्या नवरीच्या पदरात आले. पुढे तिच्या स्वतःच्या विधुर भावाची सहा मुलंही तिने वाढवली. स्वतःची दहा. वंशावळीच्या सॉफ्टवेअरमध्ये या आठ जणांना नीट जागाच नाही. सांभाळलेलं मूल म्हणून वेगळी खूण करता येते, पण तक्त्यात ती रेघ फिकट, तुटक उमटते. रोजच्या भाकरीच्या हिशेबात ती रेघ तुटक नव्हती. भाकरी मक्याचीच बरं का. मका कुटायचा, दळायचा, भाजायचा. केंटकीतल्या पहिल्या वर्षांत गहू सहजी मिळत नव्हता.

रिबेकाच्या बाबतीत मला सर्वात आवडलेली नोंद फ्लोरिडाची आहे. १७६५मध्ये बून काही सोबत्यांबरोबर फ्लोरिडा पाहायला गेला. इंग्रजांच्या ताब्यात नुकताच आलेला मुलूख, वसाहत करणाऱ्यांना जमीन देणार होते. पेन्साकोलापर्यंत जाऊन, जागा पसंत करून गडी नाताळच्या दिवशी घरी परतला आणि म्हणाला, आपण तिकडे राहायला जाऊ. रिबेका नाही म्हणाली. बून कुटुंब फ्लोरिडाला गेलं नाही. बस, एवढंच. पण तिच्या अख्ख्या आयुष्यात हा एक निर्णय असा आहे, जो निखालस तिचा म्हणून लोकांच्या आठवणीत राहिला. बाकीच्या वेळी ती त्याच्यामागून गेली, की तिनेही काही ठरवलं होतं, हे कागदांवरून कळत नाही. मला वाटतं, एकदा नाही म्हणू शकलेली बाई पुढच्या वेळी नुसती फरफटत गेली असेल असं मानायचं कारण नाही.

सप्टेंबर १७७३मध्ये मात्र ती निघाली. घरदार विकून, गुरं, घोडे, पोरं आणि शेजारची कुटुंबं घेऊन केंटकीच्या वाटेला लागली. १० ऑक्टोबरला पहाटे मागून येणाऱ्या लहान तुकडीवर डेलावेअर, शॉनी आणि चेरोकी लोकांच्या एका टोळीने हल्ला केला. तिचा थोरला मुलगा जेम्स, १६ वर्षांचा, त्यात हालहाल होऊन मेला. त्याच्याबरोबर हेन्री रसेल नावाचा त्याच्याच वयाचा मुलगा. ही हकीकत आपल्याला कळते ती रसेल कुटुंबाच्या मालकीच्या ॲडम नावाच्या गुलामामुळे. तो नदीकाठच्या वाहून आलेल्या लाकडांखाली लपून सगळं पाहत होता. पुढे रानात भटकत तो कसाबसा वस्तीवर पोचला.

बातमी पुढच्या मुक्कामावर आली तेव्हा बून तिथल्या बाकीच्यांच्या बचावाला थांबला आणि त्याचा भाऊ माणसं घेऊन मागे गेला. जाताना रिबेकाने त्याच्याजवळ लिननच्या चादरी दिल्या. पोरांना त्यात गुंडाळून पुरलं.

या चादरींपाशी मी फार वेळ थांबले. लिनन म्हणजे जवसाच्या झाडाचं सूत. जवस पेरायचं, उपटायचं, पाण्यात किंवा दवावर कुजवायचं, वाळवून कुटायचं, लाकडी पात्याने झोडून काड्या झटकायच्या, खिळ्यांच्या फणीतून काढून धागे सरळ करायचे, मग चरख्यावर कातायचं, मग मागावर विणायचं. एक चादर म्हणजे एक अख्खा हंगाम आणि पुढचा हिवाळा. अशा चादरी मुलीच्या लग्नासाठी जपतात, बाळंतपणाला काढतात. त्या मुलखात नवीन घर मांडायला निघालेल्या बाईने घोड्यावरच्या मोजक्या ओझ्यात त्या घेतल्या होत्या. त्यातून तिने किती काढून दिल्या, कुठल्या दिल्या, रडत दिल्या की मुकाट, हे कोणी लिहिलेलं नाही. पण जेम्स बूनच्या मृत्यूबद्दल वाचलेल्या सगळ्या मजकुरात मला ती एका कृतीत स्पष्ट दिसली ती इथे.

पुढे केंटकीत जवस नव्हतं, मेंढ्या नव्हत्या. तिथल्या पहिल्या बायकांनी खाजकुइरीसारख्या अंगाला खाजणाऱ्या एका रानझाडाच्या वाळलेल्या दांड्यांपासून धागा काढला आणि रानरेड्यांच्या, म्हणजे बायसनच्या, लोकरीबरोबर विणला. वसाहतीच्या गोष्टीत बंदुका फार आहेत. कपडे कुठून आले हे मात्र शोधावं लागतं.

केंटकी रिकामं नव्हतं, हे इथे सांगायलाच हवं. मार्च १७७५मध्ये सिकामोर शोल्सला रिचर्ड हेंडरसनच्या कंपनीने चेरोकी सरदारांना १० हजार पौंडांच्या किमतीचा माल देऊन सुमारे २ कोटी एकर 'विकत' घेतले. चेरोकींपैकीच ड्रॅगिंग कनू या तरुण सरदाराने त्याला भर सभेत विरोध केला. शॉनींचं हे पिढ्यानपिढ्यांचं शिकारीचं रान, त्यांना या व्यवहारात कोणी विचारलंही नाही. बूनने त्याच महिन्यात सुमारे ३० कुऱ्हाडवाले घेऊन खिंडीतून वाट तोडायला घेतली आणि एप्रिलमध्ये बून्सबरो वसवलं. सप्टेंबरमध्ये रिबेका तिथे आली. त्याच उन्हाळ्यात तिचं एक तान्हं बाळ गेलं होतं. विल्यम त्याचं नाव.

कंबरलंड खिंडीतून मी चालले आहे. पूर्वी तिथून मोठा रस्ता जायचा. १९९६मध्ये डोंगराखालून बोगदा काढला आणि नंतर वरचा डांबरी रस्ता उखडून, माती भरून, झाडं लावून ती वाट जुन्या काळी असेल तशी केली. सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला चढ म्हणून तिथे काही विशेष वाटणार नाही. पण पानांचा खच, त्याखालचे निसरडे दगड, आणि वाट जेमतेम एका घोड्याची. पाठीमागे पोर बांधून आणि हातात गाईचं दावं धरून इथून जायचं म्हणजे काय, याचा अंदाज घ्यायला मी नुसती पाण्याची बाटली घेऊन चालत होते आणि तरी दर वळणावर टेकत होते.

फेब्रुवारी १७७८मध्ये बून मीठ करायला ब्लू लिक्सला गेला होता. खाऱ्या झऱ्याचं शेकडो गॅलन पाणी आटवावं तेव्हा कुठे थोडंसं मीठ मिळे. तिथे शॉनींनी त्याला पकडलं. त्यांचा सरदार ब्लॅकफिश याने त्याला दत्तक घेतलं, शेल्टोवी, म्हणजे मोठं कासव, असं नाव दिलं. ही गोष्ट सगळे रंगवून सांगतात. पण बून्सबरोत रिबेकाला एवढंच माहीत होतं की नवरा परत आलेला नाही. काही महिने वाट पाहून तिने तो मेला असं धरलं, मुलं आणि सामान घोड्यांवर घातलं आणि त्याच खिंडीतून उलट्या दिशेने माहेरी गेली. जेमायमा तेवढी नवऱ्याबरोबर किल्ल्यात राहिली.

जूनमध्ये बून निसटला. चार दिवसांत १६० मैल तुडवत बून्सबरोला पोचला तो घर रिकामं. एक मांजर तेवढं आलं आणि त्याच्या मांडीवर बसलं असं सांगतात. बूनच्या या परतीवर खूप लिहिलं गेलंय, त्यातल्या मांजरावरही. रिबेकाच्या माहेरच्या प्रवासावर जवळजवळ काही नाही. पुरुषांची सोबत असेल-नसेल, पण वाटेवर ओळखीच्या माणसांचे मुडदे पडत होते त्या वर्षी, आणि बरोबर लहान मुलं होती. मला हा प्रवास बूनच्या १६० मैलांहून अवघड वाटतो. त्याला पळायचं होतं. हिला सगळ्यांना घेऊन पोचायचं होतं.

सप्टेंबरमध्ये शॉनींनी बून्सबरोला घातलेला वेढा आटोपून तो तिच्यामागे नॉर्थ कॅरोलायनाला गेला. परत केंटकीला येईपर्यंत १७७९ सालचा शरद ऋतू उजाडला. हा वर्षभराचा वेळ कशात गेला यावर चरित्रकार अंदाज बांधतात. ब्रायन मंडळींपैकी बरेच जण इंग्रज राजाच्या बाजूचे होते, घरात कटकटी असणारच. पण सरळ अंदाज असा की रिबेकाला परत जायचं नव्हतं आणि तिची समजूत घालायला वर्ष लागलं.

आता त्या कुजबुजीकडे येते, कारण विहीणबाईंना वंशावळ दाखवायची तर ती टाळता येण्यासारखी नव्हती. जेमायमाच्या जन्माबद्दल एक जुनी दंतकथा आहे. बून फार दिवस बाहेर होता, परतला तर घरात तान्ही मुलगी. बाप कोण? तर बूनचा भाऊ. रिबेका म्हणाली म्हणे, तुम्ही घरी असता तर हे झालं नसतं. आणि बूनने मुलीला आपली मानलं. ही कथा वेगवेगळ्या तोंडी वेगवेगळ्या तपशिलांनी येते, भावाचं नावसुद्धा बदलतं, आणि तारखा नीट लावू गेलं तर ती डळमळते. मी ती विहीणबाईंना शक्य तितक्या सपाट आवाजात सांगितली. त्यांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाल्या, भाऊ असला तरी तोही बूनच की! यापुढे माझ्याकडे बोलायला काही उरलं नाही. शास्त्रीय दृष्टीनेही त्यांचं बरोबर आहे. इतक्या पिढ्यांनंतर बाप कोण आणि काका कोण, हे घरगुती डीएनए चाचणी सांगू शकणार नाही.

दुसरी दंतकथा अशी की रात्री मशाल घेऊन शिकार करताना बूनने हरणाचे डोळे समजून तिच्यावरच नेम धरला होता, आणि तिथून प्रेम जमलं. १८३०च्या दशकातल्या एका चरित्राने ती घरोघरी पोचवली. बूनच्या मुलाला विचारलं तर त्याने ती साफ धुडकावली.

मुलाला विचारणारा माणूस म्हणजे लायमन ड्रेपर. हा नसता तर मी यातलं निम्मंही लिहू शकले नसते. १८१५मध्ये जन्मलेला, अंगाने किरकोळ असा हा गृहस्थ आयुष्यभर वसाहतीच्या सीमेवरच्या जुन्या माणसांना गाठून त्यांच्या आठवणी लिहून घेत हिंडला. बूनचं मोठं चरित्र लिहायचं होतं, ते पुरं झालं नाही. पण जमवलेल्या कागदांचे जवळपास ५०० खंड विस्कॉन्सिनमध्ये मॅडिसनला जपून ठेवलेत, आणि त्यांच्या मायक्रोफिल्म देशभरातल्या ग्रंथालयांत मिळतात. १८५१च्या शरदात ड्रेपर मिझुरीत बूनचा धाकटा मुलगा नेथन याच्या घरी जाऊन राहिला. तीनशेच्या वर पानं लिहून घेतली. नेथन तेव्हा सत्तरीचा. आणि बोलायला तो एकटा नव्हता. त्याची बायको ऑलिव्ह शेजारी बसून सांगत होती.

मायक्रोफिल्मच्या यंत्रावर ती पानं सरकवताना डोळे दुखतात, ड्रेपरचं अक्षर बारीक आणि घाईचं. पण ऑलिव्ह बोलायला लागली की मी सरसावून बसायची. लग्न झालं तेव्हा ती १६ वर्षांची होती. सासूसासरे १७९९मध्ये मिझुरीला निघाले आणि हे नवं जोडपं त्यांच्या मागोमाग गेलं. नद्या ओलांडताना ही दोघं होडीत, घोडे बाजूने पोहत. पुढे नेथनही बापासारखाच सापळे घेऊन महिनोन्‌महिने रानात जायचा. म्हणजे रिबेकाचं जगणं जवळून पाहिलेली आणि तसंच स्वतः जगलेली बाई ही. सासू घरात कशी वागायची, म्हातारपणी संधिवाताने जखडलेल्या सासऱ्याबरोबर शिकारीच्या तळावर कशी जाऊन राहायची, हे आपल्याला सुनेच्या तोंडून कळतं. सासूबद्दलची सर्वात भरवशाची साक्ष सुनेची, हे वाचून माझ्या सुनेला फार मजा वाटली. मी म्हटलं, तू जरा जपून बोलत जा बाई, कोणी ड्रेपर यायचा.

आणि तरी ऑलिव्हही बहुतेक सासऱ्याबद्दलच बोलते, कारण ड्रेपर तेच विचारतो.

जमिनीचं प्रकरण मी थोडक्यात सांगते, नाहीतर हा लेख त्यातच बुडेल. व्हर्जिनियाच्या १७७९च्या कायद्याने १७७८पूर्वी केंटकीत वस्ती करून मक्याचं पीक काढणाऱ्याला ४०० एकर आणि शेजारचे आणखी १,००० एकर घ्यायचा पहिला हक्क दिला. मोजणी अशी: अमुक ओढ्याकाठच्या पांढऱ्या ओकपासून सुरुवात, पूर्वेला इतके पोल, तिथून दोन साखर-मेपलपर्यंत. पोल म्हणजे साडेसोळा फूट. आपला गुंठा म्हणजे ३३ फूट बाजूचा चौरस, तेव्हा बरोबर चार चौरस पोलांचा एक गुंठा. हे कळल्यापासून मला ते दस्त एकदम वाचता यायला लागले. ओक पडला की हद्द गेली, आणि एकाच जमिनीवर तिघाचौघांचे दाखले. बून स्वतः मोजणीदार होता आणि त्याच्या मोजण्या ढिसाळ होत्या. खटले, देणी, दावे. १७९८मध्ये केंटकीने एका काउंटीला त्याचं नाव दिलं आणि त्याच वर्षी न्यायालयाने त्याच्या अटकेचं वॉरंट काढलं. पुढच्या वर्षी म्हातारा-म्हातारी स्पॅनिश अमलाखालच्या मिझुरीला निघून आली.

या दस्तांमध्ये बायका मात्र भेटतात. नवऱ्याने जमीन विकली तरी तिच्यावर बायकोचा विधवेचा हक्क राहत असे. तो तिने सोडला हे नक्की करायला कारकून किंवा न्यायाधीश तिला नवऱ्यापासून बाजूला घेऊन विचारायचे, तू राजीखुशीने देते आहेस ना? तशी नोंद दस्ताखाली करायची. केंटकीच्या जुन्या दस्तांत बाईचं नाव बहुतेक वेळा येतं ते इथे, काही तरी सोडून देताना. विचारणारा पुरुष, नवरा दाराबाहेर, आणि उत्तर नेहमी 'हो'.

१७८०च्या दशकात बून कुटुंब ओहायो नदीकाठी लाइमस्टोनला, म्हणजे आजच्या मेझव्हिलला, खाणावळ आणि दुकान चालवत होतं. खाणावळ बूनची असं सगळीकडे लिहिलेलं आहे. १७८७मध्ये शॉनी कैद्यांची अदलाबदल झाली तेव्हा त्या कैद्यांना खाऊपिऊ घातल्याची बिलं बूनने व्हर्जिनिया सरकारला लावली. स्वयंपाक बूनने केला नसणार. पण तो एकट्या रिबेकानेही केला नसणार. त्याच वर्षीच्या करपत्रकात बूनच्या नावावर सात गुलाम आहेत. नावं नाहीत, आकडा आहे. १७९०मध्ये केंटकीत सुमारे ७३ हजार माणसं होती, त्यातले १२ हजारांच्या आसपास गुलाम. रिबेकाला शोधताना मी ज्या रकान्यांवर चिडत होते त्याच रकान्यांत तिच्या चुलीपाशी राबणारी माणसंही होती, आणि त्यांच्यासाठी मृत्युपत्रात गाय ठेवणारा बाप नव्हता. उलट त्यांचीच नोंद गाईबरोबर होत असे. कंबरलंडच्या वाटेवरच्या ॲडमचं निदान नाव तरी राहिलं. विहीणबाईंना मी हा आकडा दाखवला तेव्हा त्या गप्प झाल्या, मग म्हणाल्या की हे मुलांच्या तक्त्यात घालू नकोस. मी घातला.

इस्रायल, दुसरा मुलगा, १७८२च्या ऑगस्टमध्ये ब्लू लिक्सच्या लढाईत बापाच्या डोळ्यांदेखत गेला. मिझुरीला आल्यावर सहा वर्षांच्या आत तीन विवाहित लेकी वारल्या: सुझाना, लविना, रिबेका. दहापैकी चार उरली. मार्च १८१३मध्ये म्हातारा-म्हातारी मेपलचा रस आटवून साखर करायला रानात गेली होती. तिथून आल्यावर रिबेका आजारी पडली आणि १८ तारखेला जेमायमाच्या घरी गेली. ७४ वर्षांची होती. बुडालेली जमीन अमेरिकी काँग्रेसने, म्हणजे संसदेने, बूनला परत दिली ती पुढच्या वर्षी, आणि तीही बहुतेक केंटकीच्या जुन्या घेणेकऱ्यांना गेली.

मार्थाजव्हिलजवळच्या टेकाडावर, ब्रायन मंडळींच्या दफनभूमीत तिला पुरलं. सात वर्षांनी तो तिच्या शेजारी आला. तिथेही त्यांना राहू दिलं नाही. १८४५मध्ये केंटकीच्या लोकांनी दोघांची हाडं उकरून आपल्या राजधानीला, फ्रँकफर्टला नेली, थाटामाटाने पुन्हा पुरली. मिझुरीचे लोक आजही छातीठोकपणे सांगतात की त्यांनी भलतीच कबर उकरली, बून इथेच आहे. १९८३मध्ये एका तज्ज्ञाने फ्रँकफर्टच्या कवटीचा जुना साचा पाहून ती कृष्णवर्णीय माणसाची असू शकेल असं म्हटलं, वाद आणखी पेटला. दोन्ही राज्यं भांडतात ती त्याच्या हाडांसाठी. रिबेकाची योग्य उचलली की अयोग्य, यावर कोणी तज्ज्ञ बसवलेला माझ्या वाचनात नाही.

वंशावळीचा तक्ता आता छापून झाला आहे. माझ्या प्रतीत वर रिबेका ब्रायन, तिच्या शेजारी डॅनियल बून, आणि सांभाळलेली आठ मुलं पक्क्या रेघेने जोडलेली. सॉफ्टवेअरला ते जमेना म्हणून त्या रेघा मी पट्टीने, काळ्या पेनाने ओढल्या. विहीणबाईंनी त्यांच्यासाठी वेगळी प्रत मागितली, बूनचं चित्र असलेली. सूनबाईंनी दोन्ही मागवल्या आहेत.